तीन चाळीसची सपात

भाची: थांब गं, मध्ये तोंड घालू नकोस. परत पहिल्यापासून. "आदरणीय व्यासपीठ, आणि समोर बसलेले तमाम डॉक्टर, सिस्टर आणि—"

मावशी: तमाम नको. निवडणुकीची सभा आहे का?

भाची: "—आणि माझ्या मावशीच्या छळाने गांजलेले नातेवाईक हो!"

मावशी: भोंग्या!

भाची: गंमत गं! ते फक्त घरच्या प्रयोगापुरतं. पण उद्या तुझ्या सन्मानाला मला दोन मिनिटं मिळणार आहेत, माहितीये ना? दोन! स्टेजवर! आमच्या बाई म्हणाल्या, "तुला माइक दिला नाही तरी चालेल."

मावशी: त्या कौतुक करत नव्हत्या.

भाची: मला चालतं! मागच्या वर्षी मी वर्गात 'हजर' म्हणताना बाकाखाली बघायचे. आता बघ, भोंगा. नाव तूच ठेवलंयस.

मावशी: दुपारपासून तीन ग्लास पाणी पिऊन बडबडतेयस. जाऊन ये आधी.

भाची: आलं! बघ, आलंच! हेच मी भाषणात घालणार आहे. "माझ्या मावशीने दर तासाला अख्ख्या घराला विचारलेला प्रश्न, जाऊन यायचंय का?" माझ्या वाढदिवसाला आठ मैत्रिणींना रांगेत उभं करून विचारलंस. बाबांच्या साहेबांना विचारलंस! सूप पीत होते ते!

मावशी: मग? गेले ना?

भाची: गेले! चमचा टाकून गेले! तोच तर विनोद आहे.

मावशी: त्यात विनोद काय? माणसं सांगत नाहीत. लाजतात, नाहीतर वाटतं, कशाला कोणाला त्रास. मग एकटीच उठतात आणि पडतात.

भाची: हां, हे छान आहे, हे घालते. थांब, लिहू दे. "माणसं… सांगत… नाहीत." आता ऐक, मधला भाग. "सगळ्यांना वाटतं, शोध लावतात ते डॉक्टर, आणि नर्स तो शोध चमच्याने पेशंटला पाजते. पण बावीस वर्षांपूर्वी एका नर्सने एक वही घेतली आणि दोन वॉर्ड घेतले. वरच्या वॉर्डात सिस्टर दर तासाला प्रत्येक खाटेपाशी जाऊन चार प्रश्न विचारायच्या. दुखतंय का? जाऊन यायचंय का? कूस बदलायची का? हाताशी सगळं आहे का? आणि खालच्या वॉर्डात…" खालच्या वॉर्डात काय, मावशी?

मावशी: नेहमीसारखं. पेशंटने बेल वाजवली तर जायचं.

भाची: "…खालच्या वॉर्डात नेहमीसारखं. सगळे तिला हसायचे. वहीवाली म्हणायचे. पण आठ महिन्यांनी मोजलं तर वर पडले आठ जण, आणि खाली वीस!" इथे मी थांबणार. टाळ्या येतील.

मावशी: टाळ्या कशाला? वीस माणसं पडली त्याला?

भाची: अगं, फरकाला! वीस आणि आठ!

मावशी: एकोणीस असते तर माझा शोधनिबंध कोणी छापलाच नसता.

भाची: म्हणजे?

मावशी: फरक योगायोगाने आलेला नाही, हे म्हणायला काही एक अंतर लागतं. आठ आणि एकोणीस म्हटलं असतं तर छापणारे म्हणाले असते, बाई, नशिबाने झालं असेल. विसाव्याने ते अंतर भरलं.

भाची: मग देवासारखा आला म्हणायचा की तो विसावा! काय नशीब गं तुझं! हेही घालू?

मावशी: तू जाऊन येणार होतीस ना?

भाची: मावशी? घालू का?

मावशी: नको. ते नको घालूस. किती वाजले?

भाची: तीन पंचवीस. आणि माझं सोड, तुझं काय? माझ्यानंतर तुला पाच मिनिटं बोलायचंय आणि चार दिवस तुझा कागद कोरा आहे. वरती फक्त तारीख. तीही तू वेळेसकट लिहिलीयस.

मावशी: मी विचार करतेय की फोन करावा. बरं नाही म्हणून सांगावं.

भाची: काय?

मावशी: सन्मानचिन्ह नंतर घरी पाठवतात. सोय असते तशी.

भाची: सोय! मावशी, अगं मी अख्ख्या वर्गाला सांगितलंय! आईने उद्याची ड्यूटी बदलून घेतलीय. नर्सचं संशोधन म्हणून पहिल्यांदा कोणाला तरी बोलावलंय त्यांनी, कार्डावर तसं छापलंय, आणि तू म्हणतेस बरं नाही? काय झालंय तुला? ताप आहे? मीच विचारते थांब. दुखतंय का? कूस बदलायची का?

मावशी: हसवू नकोस मला.

भाची: मग ऐक, तुला बरं वाटेल असं मी काहीतरी केलंय. चार वाजता कळणारच होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही. डोळे मीट.

मावशी: मी डोळे मिटत नसते.

भाची: बरं, उघडेच ठेव. तुझा फोटो शोधायला मी माळ्यावरची खोकी काढली ना गेल्या आठवड्यात? तुझ्या त्या अभ्यासाच्या कागदांचं खोकं, दोरी बांधलेलं. त्यात तळाशी, पातळ कागदात गुंडाळलेली, एक सपात होती. एकच. चौकड्याच्या लोकरी कापडाची, कोटाच्या उरलेल्या कापडाची असते ना तशी, वरती बटण लावलेली. इतकी गोड! डाव्या पायाची. मी म्हटलं, दुसरी हरवली असणार आणि तरी हिने जपलीय, म्हणजे हिची लाडकी—

मावशी: कुठे आहे ती?

भाची: ऐक तर! आतल्या बाजूला चिंधीएवढं लेबल होतं. दुकानाचं नाव आणि गल्ली. मी म्हटलं जाऊन तरी बघू. शाळा सुटल्यावर गेले, आणि दुकान आहे अजून! कपडे शिवणाऱ्या एक बाई चालवतात. मी म्हटलं, काकू, हिची जोडी शिवून द्याल का? माझ्या मावशीला रविवारी स्टेजवर—म्हणजे स्टेजवर घालायला नाही, पण सरप्राइज—

मावशी: तू तिथे गेलीस.

भाची: हो.

मावशी: आत गेलीस. दुकानात.

भाची: अगं दुकान आहे ते, आतच जातात. तुझा चेहरा असा का झाला?

मावशी: मी तीनदा गेले होते. समोरच्या बसथांब्यावर बसून परत आले. त्या काय म्हणाल्या?

भाची: आधी काहीच नाही. सपात हातात घेतली, उलटी केली, तळाची शिवण बोटाने चाचपली. मग खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "शिवायला नको. दुसरी आहे माझ्याकडे." मी तर उडालेच! इतक्या वर्षांनी जोडी सापडली! मी म्हटलं, काकू, केवढा योगायोग! त्यांनी विचारलं, मावशी काय करते. मी सगळं सांगितलं. नर्स, संशोधन, वही, दोन वॉर्ड, उद्याचा सन्मान. त्या म्हणाल्या, मी घरी येऊन देते. शनिवारी चार वाजता.

मावशी: आज शनिवार आहे.

भाची: हो ना! म्हणून तर तुला म्हटलं की आज कुठे जाऊ नकोस. मी काही चुकीचं केलं का? मावशी, बोल ना. रागवायचं तर रागव.

मावशी: तुझा विसावा आहे तो.

भाची: कोण?

मावशी: सपातीचा मालक. खालच्या वॉर्डातला. सदतीस नंबर.

भाची: सदतीस नंबर म्हणजे?

मावशी: अभ्यासात नाव नसतं, नंबर असतो. टेलर होते. वॉर्डात कोणाचं बटण तुटलं की त्यांच्याकडे नेऊन द्यायचे. सपाता त्यांनी स्वतः शिवलेल्या. मऊ, आणि फरशीवर घसरणाऱ्या. मी पहिल्या दिवशी वहीत लिहिलं होतं, पादत्राण अयोग्य.

भाची: मग काढायला सांगितलं नाहीस?

मावशी: खालच्या वॉर्डात सांगायचं नव्हतं. वर सांगायचो. खाली फक्त बघायचं. तुलना करायची तर एका बाजूला हात लावायचा नाही.

भाची: आणि… ते पडले. खूप लागलं?

मावशी: खुब्याचं हाड मोडलं. मग झोपून राहिले, मग छातीत कफ. नवव्या दिवशी गेले. बाराव्या दिवशी झाडणाऱ्या मावशींना कपाटाखाली ही सपात सापडली. त्यांनी विचारलं, सिस्टर, ही कोणाची? मी म्हटलं, माझी.

भाची: ते खालीच का होते पण? वर ठेवलं असतं तर…

मावशी: ज्या दिवशी आले त्या दिवशी खाली खाट रिकामी होती. बस.

भाची: मग त्यात तुझी काय चूक? सांग ना! ते पडले ते वाईट झालं, पण तू मोजलंस म्हणूनच तर आता सगळीकडे तासाला जाऊन विचारतात. किती लोक पडले नसतील त्यामुळे! मोज की ते!

मावशी: जे पडले नाहीत त्यांचा पायरव ऐकू येत नाही.

भाची: म्हणजे?

मावशी: काही नाही. किती वाजले?

भाची: तीन अडतीस. हे बघ, एक विचारू? तू रोज या वेळेला उठून पॅसेजमध्ये जाऊन उभी राहतेस. आई म्हणते, पाय मोकळे करते. पण तू चालत नाहीस. नुसती उभी राहतेस, भिंतीला हात लावून. मी लहान होते तेव्हा वाटायचं तू लपाछपीत राज्य घेतलंयस.

मावशी: एक पाऊल मऊ असतं आणि एक उघडं. फस्स, आणि मग चप. फस्स, चप. पॅसेजच्या त्या टोकापासून. गंमत म्हणजे एका सपातीत ते कधी चाललेच नाहीत. पडतानाच निघाली ती. तरी मला तसंच ऐकू येतं. मी म्हणते, निदान आज तरी वेळेवर जाऊन उभं राहावं.

भाची: मावशी, मला भीती वाटतेय.

मावशी: घाबरायचं काही नाही. ते पोचत नाहीत कधी. अर्ध्यातच थांबतात.

भाची: …मावशी.

मावशी: काय?

भाची: आत्ता ऐकू आलं. शप्पथ. मला. बाहेर, जिन्यावरून. कोणीतरी चालत आलं आणि थांबलं.

मावशी: दारापाशी?

भाची: दारापाशी. आणि बेल वाजवत नाहीये.

(बेल वाजते. दोघींपैकी कोणीही उठत नाही. पुन्हा वाजते.)

मावशी: सहा सेकंद झाले. जा. बेल वाजली की थांबायचं नसतं, जा.

भाची: आले, आले! काकू! तुम्ही… तुम्ही चारला येणार होतात ना?

टेलरबाई: हो. पण चारला आलं की उशीर होतो, असं अंगात बसलंय माझ्या. कुठेही वीस मिनिटं आधी जाते. आणि मग बाहेर उभी राहते. आत येऊ?

भाची: या ना. बसा. ही मावशी. मावशी, या… म्हणजे ह्या त्या.

टेलरबाई: बसते. तुम्हीही बसा. उभ्या का?

मावशी: मला उभंच राहू द्या.

टेलरबाई: बरं. ही घ्या दुसरी. उजव्या पायाची. त्यांच्या सामानाच्या पिशवीत ही एकटीच आली होती घरी. मी फेकली नाही. मशीनजवळ ठेवलीय, तिच्यात खडू ठेवते कापडावर खुणा करायचे. त्यामुळे ही अशी पांढरी झाली आतून. आणि तुमची ही, जशीच्या तशी.

भाची: जोडी लावा ना शेजारी शेजारी… रंग जुळत नाही.

टेलरबाई: कसा जुळेल? एक वापरली, एक झाकून ठेवली. तरी शिवण एकच आहे. बाबा गाठ आतल्या बाजूला घ्यायचे, पायाला टोचू नये म्हणून. मुलीने सपात हातात दिली आणि माझं बोट आपोआप त्या गाठीवर गेलं.

मावशी: मी तुम्हाला आणून द्यायला हवी होती.

टेलरबाई: हो. हवी होती.

मावशी: माझ्याकडे कारण होतं. अभ्यासातल्या माणसाच्या घरच्यांशी परस्पर बोलायचं नाही, असा नियम असतो. पण मी नियमामुळे थांबले नव्हते.

टेलरबाई: ते राहू द्या. भांडायला आले नाही मी. एक विचारायचंय, ते विचारून जाईन. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. भेटायची वेळ चारची. मी चारला पोचले तर खाट रिकामी. कोणीतरी म्हणालं, एक्सरेला नेलंय. कागदावर लिहिलं होतं, "पडलेल्या अवस्थेत आढळले." आढळले! एखादी छत्री आढळावी तसं. कोणाला आढळले, कधी आढळले, काही नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "जाऊ दे." मग तर ते बोलायचेच थांबले.

मावशी: हो.

टेलरबाई: मला एवढंच सांगा. ते किती वेळ पडून होते? जेवण एकला द्यायचे. ताट न्यायला माणूस यायचा. म्हणजे जास्तीत जास्त अडीच-तीन तास. मी बावीस वर्षं तीन तास धरून चाललेय. शिवताना मध्येच हात थांबतो, आणि मी मनात बघते, आता एक तास झाला, आता दोन, आणि ते फरशीवर. ओरडतायत आणि कोणी येत नाही.

मावशी: सात सेकंद.

टेलरबाई: काय?

मावशी: सात सेकंद पडून होते. आठव्याला मी त्यांच्या डोक्याखाली हात घातला होता.

टेलरबाई: सात.

मावशी: हो. कागद आहे माझ्याकडे. आमच्या शीटमध्ये एकही वेळ अंदाजे नाही.

टेलरबाई: सात सेकंदांत तर सुईत दोरासुद्धा ओवून होत नाही.

भाची: काकू, पाणी देऊ?

टेलरबाई: नको गं. सात… म्हणजे एकटे नव्हते.

मावशी: नव्हते. मी बघत होते.

टेलरबाई: बघत होतात.

मावशी: कोपऱ्यात स्टूल होतं माझं. तिथून त्यांची खाट नऊ पावलांवर. पाच सेकंदांचं अंतर. नंतर मी पुष्कळदा चालून बघितलंय.

टेलरबाई: मग ते उठले तेव्हा तुम्हाला दिसले.

मावशी: दिसले. आधी बसले. सपाता चढवल्या. मग खाटेच्या दांडीला धरून उभे राहिले. उभं राहिल्यापासून पडेपर्यंत बारा सेकंद.

भाची: मावशी… पाच सेकंदांचंच अंतर होतं ना?

मावशी: हो. आणि माझ्याकडे बारा होते.

टेलरबाई: मग त्या बारा सेकंदांत तुम्ही काय करत होतात?

मावशी: लिहीत होते.

टेलरबाई: लिहीत.

मावशी: आमच्या सिस्टर लोकांना एक खोड असते. दिवसभर धावतात आणि संध्याकाळी बसून आठवतील तशा वेळा भरतात. सगळ्या वेळा पाचाच्या पटीत. तीन पाच, तीन दहा. मी त्यावरून सगळ्यांना बोलले होते. अशा कागदावर कोण विश्वास ठेवील? म्हणून मी नियम केला. आधी वेळ, मग बाकीचं. धोका दिसला तर जायचंच, हेही नियमात होतं. पण आधी वेळ. मी घड्याळात बघितलं. तीन चाळीस. लिहिलं. सदतीस नंबर. लिहिलं. 'उठले' लिहायला घेतलं, आणि आवाज आला. त्या कागदावर 'उठले'च्या पुढे एक रेघ आहे, पार कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. मला अभ्यास तपासणाऱ्या समितीने शाबासकी दिली होती. इतकी नेमकी नोंद कुठे मिळत नाही म्हणाले.

भाची: पण तो नियम होता, तू मुद्दाम नाही—

मावशी: थांब, बाळ. मला पुरतं बोलू दे, परत जमायचं नाही. बाई, त्या सकाळपर्यंत आकडा एकोणीस होता. अभ्यासाचे शेवटचे दोन दिवस उरले होते. एकोणीस पुरत नाहीत, हे मला माहीत होतं. आठ महिन्यांची मेहनत, सगळे हसलेले, आणि एकाने कमी. माझा हात लिहीत होता, हे खरं आहे. पण डोळे त्यांच्यावर होते. आणि त्या डोळ्यांना काय हवं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. मी लिहीत होते की वाट बघत होते, त्याला शीटमध्ये रकाना नव्हता. हे मी कोणालाच बोललेले नाही. तुम्ही पहिल्या.

टेलरबाई: वाट बघत.

भाची: काकू, तिला तसं वाटतं, पण ती तशी नाहीये. ती घरात सगळ्यांना सारखी विचारत असते, जाऊन यायचंय का, दुखतंय का, मी त्यावर हसते, आणि… मी भाषणात पण हसणार होते त्यावर.

टेलरबाई: ते का उठले होते?

मावशी: बाथरूमला जायला. बेल हाताशी होती. वीस मिनिटांनी तुम्ही येणार होतात. तुम्ही आल्यावर तुम्हाला हात धरायला लागू नये, म्हणून आधीच उरकून घेत होते. असं ते एक्सरेला नेताना वॉर्डबॉयला म्हणाले.

टेलरबाई: आणि तुम्हाला? तुम्ही डोक्याखाली हात घातलात तेव्हा काही म्हणाले?

मावशी: म्हणाले.

टेलरबाई: काय?

मावशी: सांगायलाच हवं?

टेलरबाई: त्याच्यासाठीच आलेय, असं आता वाटतंय.

मावशी: म्हणाले, "तुम्ही लिहीत होतात, म्हणून हाक नाही मारली."

भाची: मावशी…

टेलरबाई: हो. हे बाबाच. समोरचा माणूस नुसतं बटण मोजत असला तरी ते तोंडातला शब्द गिळायचे. म्हणायचे, त्याचं होऊ दे.

मावशी: रोज तीन चाळीसला मी ते ऐकते. पावलं नंतर. आधी ते वाक्य.

टेलरबाई: मी तुम्हाला काही नाही असं म्हणणार नाही. तेवढं मोठं मन नाही माझं. तीन तास गेले आणि बारा सेकंद आले. आता शिवताना हात थांबला की मी बारापर्यंत मोजणार. ते बरं की वाईट, मला घरी जाऊन कळेल.

मावशी: मी उद्या जाणार नाही. मघाशीच ठरवत होते. भोंग्या, फोन आण.

भाची: आणते.

टेलरबाई: थांब गं मुली. बाई, तुम्ही गेला नाहीत तर काय होईल? कोणीतरी उभं राहून म्हणेल, वर आठ, खाली वीस. टाळ्या वाजतील. आणि बाबा परत आढळतील. विसांमध्ये एक.

मावशी: मग काय करू?

टेलरबाई: जा. आणि आत्ता मला सांगितलंत ते तिथे सांगा. त्या बारा सेकंदांसकट. तो सन्मान काढून घेतात की राहू देतात, ते त्यांचं ते बघतील. मला दाराजवळची खुर्ची ठेवा, मध्येच उठावंसं वाटलं तर.

भाची: मी ठेवते. मी स्वतः. आणि माझं भाषण… मी त्यातलं टाळ्यांचं काढून टाकते. मग दोन मिनिटांत काय बोलू?

टेलरबाई: ते चार प्रश्न सांग की. दुखतंय का, जाऊन यायचंय का. बाबांना कोणी विचारायला हवे होते ते.

मावशी: पण मला त्यांना सदतीस नंबरच म्हणावं लागेल. नाव उघड करायचं तर घरच्यांची परवानगी लागते.

टेलरबाई: मग घरचे आलेत ना. आहे परवानगी. नाव तर माहीत असेल तुम्हाला?

मावशी: खाटेवर पाटी होती. मी वाचत नसे. नंबरच मनात ठेवायचा, म्हणजे बघताना कोणाकडे झुकतं माप पडत नाही. नंतर कागदात शोधता आलं असतं. नाही शोधलं.

टेलरबाई: मग घ्या लिहून. पूर्ण नाव सांगते, आजोबांच्या नावासकट.

भाची: हे घे मावशी, तुझा कागद. तारीख घातलेलाच आहे. आणि हे पेन.

मावशी: पेन ठेव तिकडे, बाळ. लांब ठेव. बाई, सांगा तुम्ही. मी लिहीत नाहीये.